साष्टीचे कललेले कातळ

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हीं नांवें आपल्या कानांवर रोज पडतात, तीं आगगाडीचीं स्थानकें म्हणून. पश्चिमेकडचा एक लोहमार्ग आणि पूर्वेकडचा दुसरा, या दोहोंच्या मधोमध जो डोंगराळ मुलूख आहे, त्याच्या कुशींत विहार, तुळशी व पवई हे तलाव आहेत आणि कान्हेरीचीं लेणीं आहेत. या साऱ्या मुलखाचें जुनें नांव साष्टी. त्या साष्टीच्या कातळाविषयीं आज आपणांशीं चार गोष्टी बोलाव्या, असें योजिलें आहे.

मी शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक होऊन शाळेंत शिरलों आणि मुलांना भूगोल शिकवितां शिकवितां सेवानिवृत्त झालों. परंतु मुलें प्रश्न विचारतात आणि शिक्षकास उत्तर शोधावें लागतें. त्यांतला एक प्रश्न मला फार मार्मिक वाटे. खंडाळ्याच्या घाटांतून जातांना डोंगराच्या अंगावर जे पट्टे दिसतात, ते फूटपट्टीनें आखल्यासारखे आडवे असतात. मग आमच्या उपनगरांतील खाणींत तेच पट्टे तिरपे, समुद्राकडे उतरते कां? या एका प्रश्नाच्या पोटांत आपल्या किनाऱ्याच्या जन्माची कथा सांठविलेली आहे. आणि डोंगराच्या पायथ्याशीं राहणाऱ्या माणसांच्या जीविताशींहि त्याचा निकटचा संबंध आहे, हें पुढें दिसून येईल.

प्रथम हे थर आले कोठून, तें पाहूं. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं आपल्या देशाच्या पश्चिम भागीं जमिनीस लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस वर आला. शंकूसारखा पर्वत आणि त्याच्या माथ्यावर विवर, असें ज्वालामुखीचें जें चित्र क्रमिक पुस्तकांत असतें, त्या जातीचा हा उद्रेक मुख्यत्वें नव्हता. दूध उतूं जावें तसा हा रस भेगेच्या दोन्ही कांठांवरून पसरे आणि थिजे. कांहीं काळ विश्रांति जाई. मग पुन्हां नवा पूर येई. अशा पुरांखालीं गेलेला सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश आजहि शिल्लक आहे, आणि सह्याद्रींत या थरांची एकूण जाडी २ किलोमीटरांच्या आसपास भरते. आपल्याकडे घराची जमीन शेणानें सारवीत. वर्षानुवर्षें सारवून तिला पापुद्र्यावर पापुद्रा चढत जाई. तशी ही दख्खनची जमीन शिलारसानें सारविली गेली आहे. थरांच्या कडा झिजल्या म्हणजे डोंगर जिन्याच्या पायऱ्यांसारखा दिसूं लागतो. म्हणून युरोपांतील शास्त्रज्ञांनीं जिना या अर्थाच्या एका स्वीडिश शब्दावरून या खडकास 'ट्रॅप' असें नांव दिलें.

प्रत्येक थराची रचना ठराविक असते. थराचा गाभा सावकाश निवतो, म्हणून तो घट्ट आणि काळाभोर होतो. हाच आपला काळा फत्तर, शास्त्रांतला बेसाल्ट. थराच्या माथ्याकडे वायूचे बुडबुडे अडकून राहतात आणि पुढें त्या पोकळ्यांत पांढरीं-हिरवीं खनिजें भरतात. विहिरी खणणारे लोक या ठिपकेदार दगडास मांजऱ्या म्हणतात. दोन पुरांच्या मध्यें पुष्कळ काळ गेला, तर खालच्या थराचा माथा कुजून त्याची माती होते. तिच्यावर नवा रस पसरला म्हणजे ती भाजून विटेसारखी लाल दिसूं लागते. खालीं घट्ट कातळ, त्यावर मांजऱ्या, त्यावर तांबडी माती, आणि पुन्हां घट्ट कातळ, हा क्रम श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. शेवटीं आपणांस त्याचें काम पडणार आहे.

विश्रांतीच्या काळांत या जमिनीवर तळीं साचलीं आणि त्यांत जीवसृष्टि नांदली. वरळीच्या टेकडींतील अशाच एका गाळाच्या थरांत इवल्याशा बेडकांचे सांगाडे सांपडले. रिचर्ड ओवेन या प्रसिद्ध इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें १८४७ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. जोगेश्वरीजवळच्या आंबोलीच्या खाणींतहि त्या जातीचा थर उघडा पडला. आज जेथें मोटारींचा कर्णा अखंड वाजत असतो, तेथें एके काळीं बेडकांचें डरांव डरांव चालू होतें.

आतां थरांना बांक कसा येतो तें पाहूं. सतरंजीस दोन्ही टोकांकडून ढकललें म्हणजे तिला चुण्या पडतात. हिमालयांतील थर दोन भूभागांच्या रेट्यांत सांपडून असेच दुमडले. या दुमडीस वळी म्हणतात. थर दुमडण्याऐवजीं तुटला आणि तुटीच्या एका बाजूचा भाग खालीं किंवा वर सरकला, तर त्यास प्रस्तरभंग म्हणतात. सह्याद्रि उंच खरा, पण त्यांत हिमालयासारख्या वळ्या नाहींत. कळसूबाई हें महाराष्ट्राचें सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर उंचीचें; तेथेंहि थर जवळजवळ आडवेच आहेत. सह्याद्रि हा दुमडून उभारलेला पर्वत नव्हे. ती पठाराची झिजत झिजत कोरली गेलेली कड आहे.

ही कड उतरून आपण कोंकणांत आलों, कर्जत आणि नेरळ मागें टाकलें, माथेरानचा डोंगर न्याहाळला, तरी थर आडवेच दिसतात. परंतु कल्याण-पनवेलच्या बाजूनें पश्चिमेकडे येऊं लागलें कीं ते मान खालीं घालूं लागतात. मुंब्र्याजवळच्या पारसिक डोंगरापासून पुढें ते समुद्राकडे कललेले आढळतात. हा कल बहुधा १० ते १५ अंशांचा असतो. कांहीं ठिकाणीं त्याहूनहि अधिक. ओट्यावर चटई अंथरावी आणि तिची एक बाजू ओट्याच्या कडेवरून अंगणाकडे ओघळावी, तसा हा प्रकार आहे. ओट्यावर पसरलेली चटई म्हणजे सह्याद्रीचे आडवे थर. ओघळलेली बाजू म्हणजे आपली साष्टी आणि मुंबई. एकाच दिशेस उतरणाऱ्या या वळीस शास्त्रज्ञ पनवेलचा बांक म्हणतात. भारतीय भूगर्भ-पाहणी खात्याचे ब्लॅनफर्ड यांनीं १८६७ सालीं पश्चिम व मध्य भारतांतील या खडकांचें विस्तृत वर्णन छापलें. त्या काळापासून या कललेल्या थरांची चर्चा चालत आली आहे.

हे थर खरोखर लवले, कीं तुटले? याविषयीं दोन मतें आहेत. एक मत असें कीं, किनाऱ्याची बाजू खचत गेली तसे थर लवत गेले. दुसरें मत देसाई आणि बर्ट्रांड या संशोधकांनीं १९९५ सालीं मांडलें. जमीन ताणली जाऊन तिच्यांत समांतर प्रस्तरभंग पडले आणि मधले ठोकळे कलंडले, असें त्यांचें म्हणणें. शाळेच्या कपाटांतून आधाराचें पुस्तक काढून घेतलें, म्हणजे उरलेलीं पुस्तकें एका बाजूस रेलतात. दुरून पाहणारास त्यांचा मिळून एक बांक भासतो. जवळ गेलें म्हणजे प्रत्येक पुस्तक निराळें दिसतें. मतें दोन असलीं तरी एक गोष्ट दोहोंस मान्य आहे. हिमालयास रेट्यानें आकार दिला. आपल्या किनाऱ्यास ताणानें आणि खचण्यानें दिला.

हा ताण आला कशामुळें? त्या काळीं आपल्या पश्चिमेस आजच्यासारखा समुद्र पसरलेला नव्हता. आज मुंबईपासून ३,००० किलोमीटरांहून दूर असलेल्या सेशेल्स बेटांचा भूभाग त्या वेळीं भारतास जोडलेला होता. सुमारें ६ कोटि ३० लक्ष वर्षांपूर्वीं ही जोडणी फाटली आणि मधल्या जागेंत अरबी समुद्राचा नवा तळ तयार होऊं लागला. ऊन ऊन पोळी दोन्ही हातांनीं ओढून पाहा. ती एकदम तुटत नाहीं. आधीं ताणते, पातळ होते, आणि तुटल्यावर तिची कड खालीं लोंबते. साष्टी ही त्या फाटलेल्या भूमीची लोंबती किनार होय. खाणींतील तिरपे पट्टे म्हणजे त्या वियोगाची खूण आहे.

फाटतांना ज्या भेगा पडल्या, त्या मोकळ्या राहिल्या नाहींत. खालून रस येऊन त्यांत शिरला आणि जागच्या जागीं थिजला. भोंवतालचा मऊ दगड झिजून गेला म्हणजे असा थिजलेला रस भिंतीसारखा उभा राहतो. किनाऱ्यालगत अशा कातळभिंती पुष्कळ आहेत आणि त्यांपैकीं बऱ्याच किनाऱ्यास समांतर, उत्तर-दक्षिण धांवतात. जमीन कोणत्या दिशेनें ओढली गेली, याची ही सरळ साक्ष आहे.

घाटावरचे पूर थांबल्यावरहि आपल्या भागांत अग्नि धुमसत राहिला. अंधेरीच्या पश्चिमेस गिल्बर्ट टेकडी आहे. काळ्या फत्तराचा हा उभा सुळका सुमारें ६१ मीटर, म्हणजे २०० फूट उंच आहे. शिलारस सावकाश निवतांना आकसतो आणि सुकत्या चिखलास पडाव्या तशा त्यास भेगा पडतात. या भेगा खोलवर उतरत गेल्या म्हणजे कातळाचे बहुकोनी खांब बनतात. गिल्बर्ट टेकडी म्हणजे अशा खांबांची एक जुडी आहे. तिच्या माथ्यावर गांवदेवीचें आणि दुर्गामातेचें मंदिर असून वर जाण्यास कातळांत पायऱ्या खोदल्या आहेत. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजणीप्रमाणें या दगडाचें वय सुमारें ६ कोटि ५ लक्ष वर्षें आहे. मनोरीच्या आणि साकी नाक्याच्या फिकट दगडाचें वयहि त्याच्याच आसपास आहे. म्हणजे घाटावरच्या मुख्य थरांहून हे दगड सुमारें ५० लक्ष वर्षांनीं लहान. चूल विझली तरी तिच्या कडेच्या राखेंत निखारे बराच वेळ जिवंत असतात. आपलीं उपनगरें हीं त्या कडेच्या राखेंत वसलीं आहेत.

या दगडांचे गुणधर्म आपल्या कारागिरांनीं शास्त्रज्ञांच्या पुष्कळ आधीं ओळखले होते. जोगेश्वरी, महाकाली आणि कान्हेरी येथील लेणीं ज्या दगडांत कोरलीं आहेत, तो ज्वालामुखीची राख आणि दगडांचे तुकडे एकत्र सांधून झालेला आहे. घट्ट फत्तरापेक्षां तो छिन्नीस सोपा. कान्हेरीस शंभरांहून अधिक लेणीं आहेत आणि त्यांचें काम कित्येक शतकें चाललें. पुढें शहर वाढूं लागलें तेव्हां मालाडचा पिवळसर दगड आणि कुर्ल्याचा दगड इमारतींस लागला. छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची भव्य वास्तु याच दोन दगडांची आहे. उपनगरांचे डोंगर उतरून मुंबईच्या भिंती चढल्या, असें म्हटलें तरी चालेल.

थराचा कल ओळखण्यास मोठीं उपकरणें लागत नाहींत. जेथें थराची सपाट पाठ उघडी पडली असेल, तेथें लोटाभर पाणी ओतावें. पाणी ज्या दिशेस धांवेल ती कलाची दिशा. गवंड्याचा ओळंबा आणि मुलांच्या कंपासपेटींतील कोनमापक घेतला, तर कल किती अंशांचा आहे हेंहि मोजतां येतें. थर पश्चिमेस कललेले असल्यामुळें मुलुंडच्या बाजूनें बोरिवलीच्या बाजूस जाणारा मनुष्य सामान्यतः खालच्या, जुन्या थरांवरून वरच्या, नव्या थरांवर जात असतो. नकाशावर जें अंतर आडवें दिसतें, तें काळाच्या हिशेबानें चढण असतें.

भूकंपाचा संबंध या तुटींशीं आहे काय, असें कोणी विचारील. ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनेस ६.३ प्रतीचा धक्का बसला, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीनें सुमारें दहा हजार माणसें गमावलीं. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यांत डहाणू-तलासरीच्या बाजूस लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. किल्लारीस भोंक पाडून पाहिलें, तेव्हां काळ्या फत्तराची जाडी अवघी ३३८ मीटर भरली. कोयनेस ती सुमारें ९०० मीटर निघाली. त्याखालीं कोट्यवधि वर्षें अधिक जुना पाषाण आहे आणि अशा भूकंपांचें मूळ त्या खालच्या पाषाणाच्या जुन्या तुटींत असतें. फत्तराचें हें पांघरूण जाड आहे, म्हणून खालीं सर्व स्वस्थ आहे, असें मानतां येत नाहीं. मात्र पनवेलच्या बांकाचें नांव ऐकून उद्यांच आपली जमीन दुभंगेल, अशीहि भीति कोणीं बाळगूं नये. हा बांक पडून कोट्यवधि वर्षें लोटलीं आहेत.

उपनगरांत राहणारास भूकंपापेक्षां दरडीचें भय अधिक जवळचें आहे. १२ जुलै २००० रोजीं घाटकोपरच्या आझाद नगरावर डोंगराची बाजू कोसळली आणि साठांहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. २६ जुलै २००५ च्या महापावसांत साकी नाक्यास दरड कोसळून अनेक कुटुंबें नष्ट झालीं. पुणें जिल्ह्यांतील माळीण गांव ३० जुलै २०१४ रोजीं मातीखालीं गेलें, आणि जवळजवळ दीडशें माणसें दगावलीं. प्रत्येक वेळीं महिना पावसाचा होता.

आतां थरांचा तो क्रम आठवावा. घट्ट कातळांत पाणी मुरत नाहीं; तें भेगांतून उतरतें आणि तांबड्या मातीच्या पट्ट्याशीं येऊन थबकतें. ती माती भिजली म्हणजे साबणासारखी निसरडी होते. थर आडवे असले तर वरचें ओझें बहुधा जागेवर टिकतें. थर कललेले असले तर त्या ओझ्यास सरकण्याची वाट तयारच असते. पायथ्याचा दगड तेवढा त्यास अडवून धरतो. साष्टींत थर पश्चिमेस कललेले. म्हणून डोंगराच्या पश्चिम अंगाचा पायथा खणून सपाट जागा केली, तर थरांचा आधारच काढला जातो. उताराच्या घडवंचीवर रचलेल्या पाट्यांच्या खालची आडकाठी काढून घ्यावी, तसें तें होतें. पूर्वेच्या अंगास थर डोंगराच्या आंत उतरतात, म्हणून तेथें हें भय कमी. पण तेथेंहि उभ्या भेगांतून सुटलेले दगड गडगडत येतातच. आणि डोंगराच्या अंगावर मुरूम, खाणीचा चुरा किंवा ओतलेला भराव सांचला असेल, तर तो कोणत्याहि बाजूस मुसळधार पावसांत वाहून खालीं येतो. त्यास थरांचा कल विचारावा लागत नाहीं.

डोंगराच्या पायथ्याशीं गरीब माणूस हौसेनें राहत नाहीं. सपाट जागेचें भाडें त्यास परवडत नाहीं, म्हणून तो तेथें जातो. त्यास अडाणी म्हणून आपण मोकळे होऊं शकत नाहीं. ज्यांच्या हातीं पायथा खणण्याची परवानगी देणें आहे, त्यांनीं कुदळ लागण्यापूर्वीं थर कोणत्या दिशेस कललेले आहेत, मधें तांबडा पट्टा आहे कीं काय, आणि माथ्यावरचें पाणी कोठून वाहतें, हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. राहणाऱ्यांनींहि कांहीं खुणा ओळखाव्या. जमिनीस नवी चीर पडणें, सरळ असलेलें झाड किंवा विजेचा खांब कलणें, दारें-खिडक्या एकाएकीं अडकूं लागणें, पायथ्याच्या झऱ्यास गढूळ पाणी येणें, हीं लक्षणें दिसलीं तर पाऊस थांबण्याची वाट न पाहतां मुलांमाणसांसह बाहेर पडावें. भांडीकुंडीं मागाहून आणतां येतात.

दुसरी एक विनंति शाळांस आणि नागरिकांस आहे. गिल्बर्ट टेकडी वांचली, ती तिची किंमत ओळखणाऱ्या लोकांनीं सतत पाठपुरावा केला म्हणून. २००७ सालीं महानगरपालिकेनें तिला वारसास्थळाचा दर्जा दिला. परंतु तिच्या भोंवतालचा तसाच दगड खाणींतून केव्हांच निघून गेला आहे आणि इमारती तिला भिडल्या आहेत. बंद पडलेल्या खाणींच्या भिंती आज बुजविल्या जात आहेत. प्रत्येक उपनगरानें एक तरी अशी भिंत, तिरपे थर स्पष्ट दिसतील अशी, झाडोरा काढून आणि कठडा घालून राखून ठेवावी. तेथें वर्षांतून एकदां शिक्षकानें वर्ग न्यावा, आणि मुलांनीं लोटाभर पाणी ओतून कल स्वतः पाहावा. ज्या मुलानें थराचा कल हातानें मोजला आहे, तो मोठेपणीं अभियंता होवो, नगरसेवक होवो, कीं घर बांधणारा साधा गृहस्थ होवो, डोंगराचा पायथा खणण्यापूर्वीं तो क्षणभर थांबून विचार करील.

एवढें झालें तरी माझ्या या भाषणाचें सार्थक झालें असें मी समजेन.